नबुखद्नेस्सरला एका वाक्यासाठी एवढी मोठी शिक्षा?

प्रश्न: बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात बाबेलचा (म्हणजे बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर महालाच्या गच्चीवर फिरताना म्हणतो, हे शहर मी माझ्या बळावर उभारलं. लगेच देव त्याला माणसांतून हाकलून गवत खायला लावतो. हे जरा जास्तच नाही का? आणि असं खरंच घडलं होतं का?

उत्तर: लगेच नाही हो, सगळी गोम तिथेच आहे! ४ था अध्याय परत वाचा. आधी त्याला स्वप्न पडतं, आभाळाला टेकलेलं झाड तोडलं जातं, फक्त बुंधा राहतो, आणि दानीएल, म्हणजे त्याच्या दरबारातला स्वप्नांचा अर्थ सांगणारा यहुदी माणूस, अर्थ सांगताना घाबरतो पण तरी तोंडावर सांगतो की राजा, ते झाड तूच, आता नीट वाग, गरिबांवर दया कर. मग 12 महिने जातात. पूर्ण एक वर्ष दिलं होतं त्याला! म्हणजे प्रश्न नुसत्या बढाईचा नाही, बढाई तशी खरीच होती, बाबेलच्या अवशेषांत त्याच्या नावाचा शिक्का मारलेल्या विटा ढिगाने सापडल्यात. पण ज्यांच्या घामावर ते सगळं उभं राहिलं त्यांचा विचारच नाही, सगळं "मी" आणि "माझं", मला तरी खरा राग त्याचाच वाटतो.

मग शब्द तोंडात असतानाच आकाशवाणी होते. अंग दवाने भिजतं, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात, नखं पक्ष्यांच्या नख्यांसारखी. पण बुंधा ठेवलाय हे विसरू नका, तो वर बघतो, शुद्धीवर येतो, राज्यही परत मिळतं.

इतिहासाचं म्हणाल तर नबुखद्नेस्सरने इ.स.पू. 605 ते 562 राज्य केलं, पण त्याच्या अशा वेडाची नोंद बाबेलच्या लेखांत मिळालेली नाही. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या एका अरामी तुकड्यात मात्र नबोनिदस या नंतरच्या राजाबद्दल बरंच असंच आहे, अरबस्तानातल्या तेमा गावात 7 वर्षं आजारी आणि एक यहुदी माणूस त्याला खऱ्या देवाबद्दल सांगतो, त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की मूळ गोष्ट नबोनिदसचीच असावी.

याच नबोनिदसचा मुलगा बेलशस्सर. ५ व्या अध्यायात तो यरुशलेमच्या मंदिरातली भांडी मागवून त्यातून दारू पितो, आणि दानीएल त्याला सरळ सुनावतो की नबुखद्नेस्सरचं काय झालं हे सगळं माहीत असूनही तू नमला नाहीस. त्याला वर्षभराची मुदत नाही, त्याच रात्री तो मारला जातो.