गोळीला पत्ता कोण सांगतं?

प्रश्न : वय ६७, राहणार सहकारनगर. रोज सकाळी पर्वती चढायचो, आता उजवा गुडघा कुरकुरतो. डायक्लोफिनॅकची गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-एच चालू आहे. घरात पैज लागली आहे : मी म्हणतो, गोळी बरोबर गुडघ्यात जाते, बायको म्हणते, सगळीकडे जाते. कोण बरोबर?

उत्तर : पैज वहिनी जिंकल्या. अमृततुल्यचा चहा तुमच्याकडून.

गोळीला गुडघा ठाऊक नसतो. आतड्यातून ती रक्तात उतरते आणि रक्त जाईल तिथे जाते, कानाच्या पाळीपासून करंगळीपर्यंत. ३२ वर्षं फार्मसीच्या मुलांना हे शिकवताना मी दर वर्षी गुरुवारच्या पाणीबंदचंच उदाहरण द्यायची. फुटतो एका गल्लीतला पाइप, पण बंद होतो मुख्य व्हॉल्व्ह. गळती थांबते खरी, मात्र अख्ख्या पेठेतल्या स्वयंपाकघरांचे नळ कोरडे पडतात.

तुमच्या गुडघ्यात सायक्लोऑक्सिजिनेज नावाचं विकर प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. त्यामुळे मज्जातंतूंची टोकं हळवी होतात आणि एरवी जाणवलीही नसती अशी पायरी कळ आणते. डायक्लोफिनॅक हे विकर अडवते. (ॲस्पिरिनही हेच करते. ती बाजारात आली १८९९ मध्ये, आणि हे जॉन व्हेन यांनी दाखवलं १९७१ मध्ये. तोवर जगाने ७० वर्षं ती भरवशावर गिळली!)

पण हेच प्रोस्टाग्लँडिन जठरात आम्लापासून वाचवणारा बुळबुळीत थर टिकवतं आणि मूत्रपिंडात गाळणीकडे रक्त आणणारी नळी सैल ठेवतं. व्हॉल्व्ह बंद, की तीही कामं थांबली. ‘जेवल्यावर घ्या’ म्हणतात त्याने मळमळ कमी होते. अस्तराचा धोका टळत नाही, कारण तो रक्तातूनही येतो.

पैजेपेक्षा मला काळजी वाटते ती तुमच्या दुसऱ्या गोळीची. टेल्मिसार्टन गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करते. ‘एच’, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, मीठ-पाणी लघवीवाटे घालवते. त्यात डायक्लोफिनॅकने आत येणारी नळी आवळली. मुळात पाणी कमी, येणारा नळ आवळलेला, जाणारा मोकळा. गाळणीत दाब राहणार कुठून? माझे थोरले दीर सिंहगड उतरून आल्यावर दहा दिवस हाच त्रिकूट काढा घेत होते, मला न सांगता. पाय सुजले, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा कचरा, वाढलं. वेदनाशामक बंद केल्यावर खाली आलं, पण घरात औषधशास्त्राची मास्तरीण असून ही तऱ्हा!

तेव्हा डायक्लोफिनॅक थांबवा, दोन्ही पाकिटं डॉक्टरांना दाखवा, क्रिएटिनिन तपासून घ्या. गुडघ्यावर जेल चालेल का, तेही विचारा. कातडीवाटे रक्तात फार थोडं औषध उतरतं. रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

प्रश्न : आईला गोळ्या गिळवत नाहीत. पित्ताची पॅन्टोप्राझोल ती तोडून, जेवण झाल्यावर घेते. चालेल का? (नारायण पेठ)

उत्तर : नाही, दोन्ही चुकतंय. आणि सहकारनगरच्या काकांना थोडा दिलासा : पत्ता सापडल्यासारखी वागणारी गोळी असलीच, तर ती ही. पित्ताची गोळी जठरात विरघळतच नाही! आम्लात तिचा निकाल लागेल, म्हणून वर लेप असतो. आतड्यात विरघळून ती रक्तातून फिरत पुन्हा जठराच्या पेशींकडे येते, तिथल्या आम्लातच जागी होते आणि आम्ल सोडणाऱ्या पंपाला घट्ट चिकटते. गोळी तोडली की लेप गेला.

हे पंप जोरात चालतात ते खाताना, तेव्हा औषध आधीच रक्तात पोचलेलं हवं. म्हणून न्याहारीपूर्वी अर्धा तास. रक्तातून ती काही तासांत संपते, पण अडकलेले पंप सुटत नाहीत. नवे तयार व्हावे लागतात. त्यामुळे बहुतेकांना दिवसातून एकदा पुरते. गिळायला सोपा असा दुसरा प्रकार आहे का, हे डॉक्टरांना विचारा. तोवर आईंच्या हातातली विळी काढून घ्या.