अंगठा काढायला पैसे आहेत, वाचवायला नाहीत

प्रश्न : वडील 72 वर्षांचे, मधुमेही. पायाची जखम चिघळली. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, अंगठा काढला. तेव्हा एक पैसा लागला नाही. आता दिवसाआड ड्रेसिंग, वर कोलॅजनची (जखम भरायला मदत करणाऱ्या प्रथिनाची) शीट, सगळं खिशातून. अमेरिकेतला मामेभाऊ सांगतो, तिथं सरकारी विमा कृत्रिम त्वचेचेही पैसे देतो. मग आपल्याकडे का नाही? – एक वाचक भगिनी, धनकवडी

उत्तर : ताई, तुमचा संताप रास्त आहे. पुण्यात ड्रेसिंग रूममध्ये नर्स म्हणून माझी उभी हयात गेली. योजनेची पॅकेजेस मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी असतात. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यावरचे 15 दिवस धरलेले आहेत. मधुमेह्याची जखम भरायला मात्र महिने लागतात, आणि पुढचं बोट किंवा अख्खा पाय जातो तो त्याच महिन्यांत.

पण अमेरिकेसारखं करा, असं मी म्हणणार नाही. मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्यात डॉक्टरला अशा त्वचेचे पैसे त्या-त्या उत्पादनाच्या सरासरी विक्रीकिमतीवर 6 टक्के जास्त धरून मिळत. माल जितका महाग, तितकी कमाई मोठी. काहींचा दर एका चौरस सेंटिमीटरला 2000 डॉलरच्या वर गेला. 2019 मध्ये यावर सुमारे 25 कोटी डॉलर खर्च होत होते, 2024 मध्ये 1000 कोटींहून जास्त. रुग्ण वाढले ते फक्त दुपटीच्या आसपास. शेवटी 1 जानेवारी 2026 पासून चौरस सेंटिमीटरला सरसकट सुमारे 127 डॉलरचा दर लावला. हे फार आधी व्हायला हवं होतं. तरीही पैसे अजून तुकड्याच्या मापावरच मिळतात.

आपल्याकडे मला हवं आहे ते असं : जखम भरेपर्यंतचं एकच पॅकेज, भरती न होता मिळणारं. त्यात ड्रेसिंग, मेलेला भाग काढणं, पायावरचा भार कमी करणारं प्लॅस्टर, नंतरची एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल, सगळं यावं. पाय कापण्याचा आणि त्यानंतरचा खर्च पाहता सरकारलाही हे परवडेल.

तोवर तुमच्यापुरतं सांगते. प्रत्येक वेळी कोलॅजन शीट लागतेच का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जखमेत घाण असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा वडील त्याच पायावर चालत असतील, तर महागडी शीट वाया जाते. म्हणून आधी पायाचा रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी करा आणि साखर आटोक्यात आणा. साधं ड्रेसिंग ससून या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केस पेपर काढून करून घेता येईल. वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. 70 वर्षांपुढे उत्पन्नाची अट नाही, पुन्हा भरती व्हायची वेळ आली तर उपयोगी पडेल. चौकशीसाठी 14555.

दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. चार आठवडे नीट उपचार करूनही जखम निम्म्यावर आली नाही, तर ते फोटो घेऊन मधुमेही पायाच्या तज्ज्ञाकडे जा. ताप आला, वास सुटला किंवा लाली वर चढू लागली, तर मात्र त्याच दिवशी.