दोन भाऊ, दोन चॅनेल आणि कानबाईचे रोट

प्रश्न : ताई, माझं माहेर पारोळा तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. मला दोन भाऊ. दोघांची घरं एकाला एक लागून, मध्ये एकच भिंत. वडील होते तोवर घरावर भगवा असायचा आणि दसऱ्याला मुंबईला, शिवाजी पार्कला जाणं ठरलेलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. दादा ठाकऱ्यांकडे राहिला, धाकटा शिंद्यांकडे गेला. पद दोघांनाही नाही. दोघांची चॅनेल वेगळी, आणि संध्याकाळी दोन्ही टीव्ही भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ओरडत असतात. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी होते. दादा म्हणाला, “तुनं चॅनेल खोटं बोलस.” धाकटा म्हणाला, “मग देखणारा इतला लोके येडा शेतस का?” शब्दाला शब्द वाढला आणि धाकट्यानं सांगून टाकलं की यंदा कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, रोटांना तो येणार नाही. रोट म्हणजे त्या देवीचा गव्हाचा प्रसाद; आमच्याकडे त्याचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजतात. आई विचारते, धाकट्याच्या नावाचे मोजू की नको? मला मात्र दुसरंच विचारायचं आहे. या दोघांपैकी खरं कुणाचं चॅनेल? आम्ही विश्वास ठेवायचा कुणावर?
— एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, तुमच्या धाकट्या भावाच्या वाक्यापासूनच सुरू करते. बघणारे इतके लोक वेडे आहेत का? मुळीच नाहीत. पण बघणारे पुष्कळ आहेत म्हणून बातमी खरी, असंही होत नाही. कधी कधी बघणारे पुष्कळ असतात म्हणूनच त्यांना खोटं सांगितलं जातं. हे मी पदरचं सांगत नाही, कोर्टात कागदोपत्री आलेलं सांगते. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण भांडण तुमच्या घरातल्यासारखंच.

तिथे रिपब्लिकन पक्षाच्या, उजव्या विचाराच्या लोकांचं सगळ्यात लाडकं चॅनेल म्हणजे फॉक्स न्यूज. ३ नोव्हेंबर २०२० ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ॲरिझोना राज्य बायडेन जिंकणार, हे त्या रात्री सगळ्यांच्या आधी फॉक्सनंच सांगून टाकलं. हिशेब बरोबर निघाला. ट्रम्प तिथे १०,४५७ मतांनी हरले. पण प्रेक्षक खवळले. आपल्याच माणसानं दगा दिला म्हणत ते न्यूजमॅक्स नावाच्या आणखी कडव्या चॅनेलकडे वळायला लागले. त्यानंतरच्या दिवसांत फॉक्सच्या पडद्यावर असे पाहुणे यायला लागले, जे सांगत होते की मतदानयंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं मतं फिरवली. डोमिनियननं दावा लावला, तेव्हा चॅनेलमधल्या लोकांचे आपापसातले मेसेज बाहेर आले. ‘ही बाई खोटं बोलते आहे,’ असं त्यातल्या एका पाहुणीबद्दल टकर कार्लसन हे मोठे निवेदक खासगीत लिहीत होते. आणि त्याच चॅनेलच्या ज्या वार्ताहर बाईनं ट्रम्प यांचा मतं फिरवल्याचा दावा तपासून पुरावा नाही असं लिहिलं, तिला कामावरून काढा, कंपनीचा शेअर पडतोय, असंही हेच गृहस्थ सहकाऱ्यांना कळवत होते. डोमिनियनबद्दल जे सांगितलं गेलं ते खोटं होतं, हे न्यायाधीशांनी खटला उभा राहण्याआधीच स्पष्ट केलं. १८ एप्रिल २०२३ ला, सुनावणी सुरू व्हायच्या तोंडावर, फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून दावा मिटवला. ॲरिझोनाचा निकाल बरोबर सांगणाऱ्या चमूतल्या ख्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी मात्र जानेवारी २०२१ मध्येच गेली होती.

मी हे सगळं वाचलं तेव्हा मला त्या निवेदकांपेक्षा बघणाऱ्यांचं जास्त वाईट वाटलं. त्यांचं चॅनेल त्यांना घाबरत होतं. ते उठून जातील या धाकानं त्यांना गोड लागेल तेच वाढलं जात होतं, आणि ते बिचारे समजत होते की सगळ्या जगात आपल्याशी खरं बोलणारा हाच एक.

आता आपल्याकडचं. मी तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. सकाळच्या पहिल्या एसटीनं वर्तमानपत्रांचे गठ्ठे यायचे, ते सोडून उतरत्या लाकडी स्टँडवर लावायचे, आणि तेवढ्यात दारात चपला वाजायला लागायच्या. कोण कुठल्या स्टँडशी जाणार, हे मला आवाजावरून कळायचं. सेना फुटली आणि जळगाव जिल्ह्यातले सेनेचे चारही आमदार शिंद्यांबरोबर गेले. त्या पावसाळ्यात कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी मला सांगितलं, ‘सामना’ बंद करा, उगाच वाद नकोत. मी बंद केला. चूक माझी होती, ती मी इथे लिहिते आहे. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आजोबा कित्येक वर्षं रोज तो वाचायला यायचे. तीन दिवस ते रिकाम्या स्टँडपाशी उभे राहिले, दुसरं काहीबाही चाळून गेले. चौथ्या दिवशी आलेच नाहीत. आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. म्हणाले, “बाई, त्यात काय असणार ते मला आधीच ठाऊक असतं. पण ते माझं असतं.” दुसऱ्या महिन्यात मी तो अंक पुन्हा सुरू केला. त्या सदस्यांशी माझं बोलणं बरेच दिवस तुटलं होतं, त्याचं मला काही वाटलं नाही.

म्हणून ताई, दादाचं चॅनेल बंद करा किंवा धाकट्याचं बंद करा, असं मी कधीच सांगणार नाही. पक्षाचा कागद असणं हे पाप नव्हे. आपल्या शेजारच्या अमळनेरात साने गुरुजींनी १९३८ मध्ये साप्ताहिक काढलं, त्याचं नावच ‘काँग्रेस’ होतं. वाचणाऱ्याला पहिल्या अक्षरापासून ठाऊक, कोण बोलतंय. ‘सामना’ १९८८ पासून निघतो, त्याला सगळे मुखपत्रच म्हणतात, आणि मला तो शब्द फार प्रामाणिक वाटतो. मुख कुणाचं ते कळतं. मला भीती वाटते ती मुख झाकून बोलणाऱ्यांची. दिवसभर ‘आम्ही निःपक्ष’ म्हणायचं आणि रात्रीच्या चर्चेत एकाच बाजूच्या माणसाला बोलू द्यायचं.

तुम्ही विचारलंत, खरं कुणाचं? एक सकाळ सांगते. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सेनेच्या वादावर निकाल दिला. दुसऱ्या दिवशीचे अंक मी स्टँडवर न लावता मोठ्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले. एका अंकात ठळक होतं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं आणि शिंदे गटाच्या प्रतोदाला, म्हणजे आमदारांना मतदानाचा आदेश देणाऱ्याला, विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. दुसऱ्यात ठळक होतं की उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. दोन्ही गट म्हणत होते, आम्ही जिंकलो. आणि दोन्ही ठळक ओळी खऱ्याच होत्या! एकाच निकालपत्रातल्या. खोटं कुणीच छापलं नव्हतं; उरलेलं अर्धं आतल्या पानावर, बारीक अक्षरात गेलं होतं. दोन्ही बाजूंची माणसं त्या टेबलाभोवती उभी राहून एकमेकांचा अंक वाचत होती. भांडण मिटलं नाही. पण त्या दिवशी ‘खोटं’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही, तो ‘तुमच्या अंकात हे का नाही’ असा झाला.

तुमचे भाऊ टीव्ही बघतात, तिथे टेबल मांडता येत नाही, हे मला कळतं. मग दोघांना एकच विचारा, आणि वेगवेगळं विचारा : तुझ्या चॅनेलनं तुझ्या मनाविरुद्धची, तुला झोंबलेली बातमी शेवटची कधी दिली? दादाला एखादी आठवेल, धाकट्याला कदाचित आठवणार नाही, किंवा उलट होईल. ज्याला एकही आठवली नाही, त्यानं ॲरिझोनाची गोष्ट आठवावी.

आणखी एक माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. वाचनालयात कुठल्याही पक्षाचा शेतकरी आला की आधी बाजारभावाचा रकाना बघायचा. कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला त्याच्या पुढच्या हंगामात, भाव चढेल म्हणून खान्देशात घराघरात कापूस भरून ठेवला होता आणि भाव उतरतच गेला, तेव्हा तर त्या रकान्याशी रांग लागायची. भाव पडलेला दिसला की चेहरे उतरायचे, पण ‘हा रकाना विकला गेलाय’ असं मी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. कारण सोपं आहे. तिथे कुणी खोटं छापलं तर संध्याकाळी व्यापाऱ्याच्या काट्यावर ते उघडं पडतं. राजकारणाच्या बातमीला असा काटा आपण लावतच नाही. तुमच्या दोन्ही भावांचं शेत एकाच शिवारात असेल, तर पीकविम्याची, कापूस खरेदीची, तुमच्या रस्त्याची बातमी कुठलं चॅनेल कशी देतं ते दोघांना एकत्र बघायला लावा. तिथे काय घडलं हे दोघांनाही पक्कं माहीत असतं. कुणाचं मोजमाप किती, ते तिथेच कळेल, मला विचारावं लागणार नाही.

राहिला आईंचा प्रश्न. आपल्या जिल्ह्यानं एका घरात सासरे राष्ट्रवादीत आणि सूनबाई भाजपच्या खासदार, असं एकनाथ खडसे यांच्या घरी उघड पाहिलं आहे. तुमच्या घरी तर पदसुद्धा नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तुम्ही शुक्रवारीच माहेरी जा. गहू आईंनाच मोजू द्या, धाकट्याच्या नावाची सव्वा मूठ धरून. मोजायला ओट्यावर बसा, आत नको. मधली भिंत एकच आहे म्हणता, तर नाव घेतलेलं पलीकडे ऐकू जाईलच. त्या वेळी दोन्ही टीव्ही बंद असतील एवढं मात्र तुम्ही बघा.