मेल, मेसेज आणि महिन्याची वीस तारीख

या वेळच्या पत्रांत एकच कुरबुर वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू आली: काम थोडं आणि कामाबद्दलचे निरोपच फार. त्यांतली पाच पत्रं घेतली आहेत. दुसऱ्या पत्राला जागा जास्त दिली, कारण गुंताही त्यातच जास्त आहे.

प्रश्न : ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत मी टीम लीड आहे. आउटलुक, टीम्स आणि ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप, तिन्हीकडून दिवसभर मारा चालू असतो. मेलच रोज दीडशेच्या घरात. सगळं वाचत बसलं तर काम होत नाही, नाही वाचलं तर नेमकं महत्त्वाचं निसटतं. (एक वाचक, ऐरोली)

आधी एका दिवसाचे मेल मोजा. ‘टू’मध्ये तुमचं नाव किती मेलवर आहे, ‘सीसी’मध्ये किती, आणि नुसत्या ग्रुपच्या पत्त्यावर आलेले किती, एवढे तीनच आकडे काढा. टीम लीडच्या इनबॉक्समध्ये बहुधा सीसीचाच भरणा निघतो, आणि तो वाचायला पाहिजे पण लगेच नाही.

आउटलुकमध्ये नवा रूल, म्हणजे आलेले मेल आपोआप लावून ठेवणारी सूचना, तयार करा. ‘माझं नाव सीसीमध्ये असेल तर’ ही अट निवडा, आणि तो मेल ‘माहितीसाठी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. रूल इथेच सोडला तर आठवड्याभरात पस्तावाल, कारण आपल्याकडे साहेब सीसीतल्या माणसालाही काम सांगतात. म्हणून अपवाद घाला: मेल तुमच्या मॅनेजरकडून असेल, किंवा मजकुरात तुमचं नाव असेल, तर मेल इनबॉक्समध्येच राहू द्या. ग्रुपच्या पत्त्यावर येणारे मेल या रूलला सापडत नाहीत, कारण तिथे तुमचं नाव टूमध्येही नसतं आणि सीसीमध्येही नसतं. त्यांना त्या पत्त्याच्या नावाने वेगळा रूल लागतो. दोन रूल एकमेकांत अडकले तर त्यांचा क्रम बघा. वरच्या रूलमध्ये ‘पुढचे रूल तपासू नका’ ही खूण असेल, तर खालचा चालतच नाही.

‘माहितीसाठी’ फोल्डर दिवसातून दोनदा उघडायचं, साडेअकराला आणि साडेचारला. उघडलंच नाही तर ती अडगळीची खोली होते.

टीम्समध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायला लोक घाबरतात, कारण खरोखर काही पेटलं तर कळणार कसं. त्यासाठी सेटिंगमधल्या प्रायव्हसीत प्राधान्याची यादी असते. त्यात मॅनेजर आणि सपोर्टवर असलेली दोन-तीन माणसं घाला. त्यांचे कॉल आणि मेसेज तरीही पोचतात. स्टेटसला मुदत लावता येते. दीड तासाची लावा, म्हणजे काढायचं विसरलात तरी ते आपोआप निघेल.

हे झालं तुमच्या टेबलापुरतं. खरा फरक पडतो तो टीमने मिळून कुठला निरोप कुठून द्यायचा हे ठरवल्यावर. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, कांद्याची गाडी मसाला मार्केटात उतरत नाही, तसंच. सिस्टिम बंद पडली तर फोन. आज उत्तर हवं असेल तर टीम्स. दोन दिवस चालणार असेल तर मेल. व्हॉट्सॲपवर ‘ट्रेन लेट आहे, उशीर होतोय’ याच्या पलीकडे कामाचं काहीच नाही. हा नियम पहिल्यांदा मोडतो तो बहुधा टीम लीडच, रात्री साडेदहाला ‘एक आठवलं म्हणून’ लिहून. तेव्हा आठवलं तर मेल लिहा, पण पाठवण्याची वेळ सकाळी साडेनऊची लावून ठेवा.

प्रश्न : नौपाड्यात आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. तिघं जण, साधारण ८० ग्राहक. बिलं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येतात, तीही तिघांच्या वेगवेगळ्या नंबरांवर. ११ आणि २० तारखेच्या आधी शोधाशोध. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

सॉफ्टवेअर इतक्यात नको. आत्ता विकत घेतलंत तर हाच पसारा तिथे हलवाल.

पहिलं काम, एकच नंबर. ऑफिसचं वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवा. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे तिघांच्या कॉम्प्युटरवर तेच चॅट दिसतील. मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप लॉगआउट होतात; दिवाळीच्या सुट्टीत तो कपाटात बंद पडून राहिला की हे घडतं. ग्राहकाने जुन्या नंबरवर बिल पाठवलं तर तुम्ही ते फॉरवर्ड करत बसू नका. ‘कृपया ऑफिसच्या नंबरवर पाठवा’ एवढंच उत्तर द्या. पहिला महिना कुरकुर होईल.

दुसरं, लेबलं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं. चार पुरेत: ‘कागद बाकी’, ‘कागद आले’, ‘शंका’, ‘भरलं’. महिन्याच्या १ तारखेला सगळे ‘कागद बाकी’त. ५ तारखेला ते लेबल उघडलं की कुणाच्या मागे लागायचं, याची यादी समोर.

तिसरं, मागणी दोन हप्त्यांत करा. बहुतेक ऑफिसं ‘या महिन्याची बिलं पाठवा’ असा एकच मेसेज सोडतात, आणि तिथेच घोळ होतो. मासिक भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जायचं असतं, म्हणजे विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत हातात हवीत. खरेदीची बिलं मात्र जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून बनणाऱ्या खरेदीच्या तक्त्याशी, जुळवायची असतात, आणि ते १४ तारखेला तयार होतं. त्यामुळे खरेदीची बिलं १२ पर्यंत मागा, १४ ते १७ जुळवणी करा, १८ ला ग्राहकाला भरायची रक्कम कळवा, म्हणजे २० तारखेच्या जीएसटीआर-३बीला (कर भरायच्या विवरणपत्राला) दोन दिवस हाताशी राहतात. ज्या पुरवठादाराने मासिक जीएसटीआर-१ ११ तारखेनंतर भरलं, त्याचं बिल त्या महिन्याच्या २बीत दिसत नाही. अशा बिलांना ‘शंका’ लेबल. तिमाही पर्याय घेतलेल्या ग्राहकांच्या तारखा वेगळ्या, महाराष्ट्रात जीएसटीआर-१ ची १३ आणि ३बीची २२. त्यांना पाचवं लेबल द्या, नाहीतर दर महिन्याला त्यांचीही विनाकारण आठवण होत राहील.

ही दोन्ही मागणीपत्रं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. तिरकी रेघ टाइप केली की ती समोर येतात. मजकूर आखूड ठेवा: काय, कधीपर्यंत, कसं.

‘कसं’ याचं उत्तर: फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. पुसट थर्मल बिलावर मग ३ आणि ८ सारखेच दिसतात, आणि १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक एका अक्षराने चुकला तरी जुळवणी फसते. ग्राहकाला क्लिपच्या खुणेतून ‘डॉक्युमेंट’ निवडायला एकदा समोर बसून दाखवा. पेट्रोल पंपाच्या आणि हॉटेलच्या पावत्या काही महिन्यांत पांढऱ्याफटक पडतात, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवायला सांगा.

आता फाइलचं नाव. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप फोटोला जे नाव देतं, त्यातली तारीख मेसेजची असते, बिलाची नव्हे. त्यामुळे जुलैचं बिल ऑगस्टच्या नावाने पडून राहतं. डाउनलोड करतानाच नाव बदला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग ग्राहकाचं आखूड नाव, ‘खरेदी’ की ‘विक्री’, आणि शेवटी बिल क्रमांक. महिना आणि दिवस दोन आकडीच लिहा, म्हणजे ८ नव्हे, ०८. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतं. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एका जागी गोळा होतात. बिल क्रमांकातली तिरकी रेघ विंडोजला नावात चालत नाही, तिथे आडवी रेघ टाका.

फोल्डर मात्र फार खोल नको. ग्राहक, त्यात आर्थिक वर्ष, त्यात महिना. तीन पायऱ्या बास. खरेदी-विक्री नावात आहेच.

गूगल फॉर्मवर बिलं मागवायची कल्पना कुणीतरी सुचवेलच. त्यात फाइल जोडायची असेल तर ग्राहकाला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि जांभळी नाक्यावरच्या दुकानदाराला स्वतःचा पासवर्ड आठवत नसतो. ड्राइव्हचं फोल्डर शेअर करणार असाल तर ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय टाळा. एका ग्राहकाची लिंक दुसऱ्याला गेली की विश्वास गेलाच.

प्रश्न : पॉकेट ॲप बंद झालं. ‘नंतर वाचू’ म्हणून साठवलेल्या सहाशेच्या वर लिंक मी त्यातून काढून ठेवल्या आहेत. आता कुठे हलवू? (एक वाचक, कोपरखैरणे)

कुठेच नको. पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झालं. सहाशे लेख तोवर वाचले गेले नाहीत, ते नव्या ॲपमध्येही वाचले जाणार नाहीत. फाइल असू द्या, एखादी लिंक लागली तर त्यात शोधा.

पुढच्यासाठी इन्स्टापेपर हे तसंच ॲप चालेल. लेख फोनवर उतरवून नेटवर्कशिवायही वाचता येतात. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात दोन मोठे लेख होतात, फार तर तीन. यादीत वीसच ठेवा. एकविसावा घालायचा तर एक काढायचा.

प्रश्न : लांबलचक मेल आणि मीटिंगचा सारांश एआयकडून करून घेतला तर चालतं का? (एक वाचक, बेलापूर)

चालतं, पण तीन ठिकाणी तो घसरतो. नकार: ‘हे करायचं नाही असं ठरलं’ याचं ‘यावर चर्चा झाली’ होतं. जबाबदारी: कुणी काय करायचं, यात नावं बदलतात. आकडे: मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी असलेल्या मीटिंगमध्ये ‘अडीचशे’, ‘पावणेदोन लाख’ हे मूळ रेकॉर्डिंगशी ताडून बघा. सारांश मागताना प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ वाक्य, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख मागा, म्हणजे तपासायला मिनिटही लागत नाही. मेलची जोडपत्रं त्याने वाचली आहेत का, हेही विचारा. पुष्कळदा वाचलेली नसतात.

ग्राहकांची नावं, पॅन, पगार असं काही असेल तर स्वतःच्या मोफत खात्यात टाकू नका. कंपनीने दिलेलं खातं असेल तरच, आणि तेही आयटी विभागाला विचारून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ पासून आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर कंपनीला परवडत नाही.

प्रश्न : तुर्भ्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. कामाच्या नोंदी डायरीत, गूगल कीपवर, पिवळ्या चिठ्ठ्यांवर, स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲपवर आणि स्टार केलेल्या जीमेलवर. सगळं लिहिलेलं असतं, वेळेला सापडत नाही. (एक वाचक, तुर्भे)

पाच ठिकाणी लिहायला हरकत नाही, पाच ठिकाणी बघायला आहे. यादी एकच ठेवा. जीमेल वापरताच आहात तर गूगल टास्क्स घ्या. मेल उघडून ‘टास्कमध्ये घाला’ केलं की मूळ मेलचा दुवा सोबत राहतो. तुमच्या त्या पाच जागा म्हणजे फक्त खिसे. निघण्याआधी, पावणेसहाला, दहा मिनिटांत ते रिकामे करायचे: यादीत चढवलं की चिठ्ठी फाडा, स्टार काढा, मेसेज पुसा.

नोंद करताना क्रियापद आणि वार लिहा. ‘पंप’ एवढंच लिहिलं तर सोमवारी तुम्हालाच अर्थ लागत नाही. ‘पंपाच्या सीलसाठी दोन कोटेशन मागवणे, गुरुवार’ असं लिहा.

खरेदी विभागात निम्मं काम दुसऱ्याकडे अडकलेलं असतं, म्हणून ‘वाट बघतोय’ नावाची वेगळी यादी करा: कुणाकडून, काय, कधी मागितलं. ही मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला उघडा आणि तीन दिवसांच्या वरचं असेल त्याला मेल न करता थेट फोन लावा.