लाल डावीकडे की उजवीकडे? समुद्रातल्या बोयांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेटवेवरून लाँचने मांडव्याला गेलो होतो. मुलाने युट्यूबवर बघितलं होतं की बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, पण परत येताना आम्हाला लाल बोये डावीकडे दिसले आणि एक तर मधेच उजवीकडे पण. नेमकं खरं काय? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, मुलाने बघितलेला व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचा असणार, बाकी त्याचं काही चुकलेलं नाही. बोया म्हणजे जहाजांना वाट दाखवणारी तरंगती खूण, आणि त्यांच्या रंगाच्या जगात दोन पद्धती आहेत, रीजन ए आणि रीजन बी. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स हे बी मधे आणि आपल्यासकट बाकी जवळजवळ सगळे ए मधे. ए मधे समुद्राकडून बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला, बी मधे बरोब्बर उलटं. हा घोळ वाटत असेल तर आधीची अवस्था ऐका, 1976 पर्यंत जगात तीसपेक्षा जास्त पद्धती चालू होत्या, मग 1980 ला टोकियोच्या परिषदेत सगळे बसले आणि निदान दोनवर तरी आणल्या. एकच का नाही केली, तर कोणीच आपले रंग सोडायला तयार नव्हतं, दुसरं काय.

आता मधेच उजवीकडे दिसलेल्या लाल बोयाचं. तुमची लाँच मोठ्या जहाजांच्या चॅनेलमधून, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या वाटेतून, सरळ जात नाही, ती ते चॅनेल आडवं कापते, मग कापताना बोटीचं तोंड जिकडे असेल त्याप्रमाणे लाल कुठेही दिसणार. रंगाचा अर्थ लागतो तो चॅनेलच्या दिशेने, तुमच्या बोटीच्या दिशेने नाही, आणि ती दिशा चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, जांभळट रंगाच्या बाणाने छापलेली असते. बाहेर जाताना तर सगळंच उलटं होतं, लाल उजवीकडे. म्हणून नुसता रंग बघून ठरवायचं नाही, आधी आपण चार्टवर कुठे आहोत आणि कुठे चाललोय ते बघायचं.

आणि उन्हाच्या तिरिपीत रंग कळतच नाही हो, त्यात वर पक्ष्यांनी घाण केलेली. अशा वेळी आकार बघायचा. लाल बोया डब्यासारखा सपाट डोक्याचा किंवा त्याच्या टोकाला तसा डबा बसवलेला, हिरव्याला वर टोक असलेला शंकू.

मुलाला अजून एक गंमत द्या. पिवळा-काळा बोया दिसला आणि वर दोन काळे शंकू असतील तर तो कार्डिनल, म्हणजे धोका कुठल्या बाजूने टाळायचा ते सांगणारा. शंकूंची टोकं जिकडे, काळा रंग तिकडे. दोन्ही वर असतील तर काळा वर आणि बोया उत्तरेचा, म्हणजे त्याच्या उत्तरेकडून जा. दोन्ही खाली तर दक्षिणेचा. एक वर एक खाली तर काळा दोन्ही टोकांना, तो पूर्वेचा. टोकाला टोक भिडलेली तर काळा मधे, तो पश्चिमेचा. रात्री सगळ्यांचे दिवे पांढरेच, मोजायचं घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांप्रमाणे, पूर्वेचा तीनदा लुकलुकतो, दक्षिणेचा सहादा आणि वर एक लांब, पश्चिमेचा नऊदा आणि उत्तरेचा न थांबता.

प्रश्न : मांडव्याच्या जेट्टीवर रात्री बसलं की लांब दिवे लुकलुकताना दिसतात. त्यातलं दीपगृह कुठलं, बोया कुठला हे खलाशी कसं ओळखतात? (एक वाचक, अलिबाग)

घड्याळ लावून. प्रत्येक दिव्याची लुकलुकायची तऱ्हा ठरलेली असते आणि ती चार्टवर दिव्याशेजारी लिहिलेली असते, किती झोत, किती सेकंदांनी पुन्हा, दिवा पाण्यापासून किती उंच, किती मैलांवरून दिसतो. दोन-तीन फेऱ्या मोजल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, कारण एक झोत लाटेआड गेला की दोनाचा एक होतो.

दीपगृहं म्हणाल तर तुमच्याकडून कुलाब्याच्या टोकाचा प्रॉन्ग्ज आहे, 1875 चा, आणि थळसमोर खांदेरीचा, 1867 चा. चार्टवर खांदेरी शोधू नका हां, ते बेट आता कान्होजी आंग्रे बेट, कोळी मात्र अजून खांदेरीच म्हणतात.

चार्टवर लिहिलेल्या मैलांवर पण डोळे झाकून जाऊ नका. पृथ्वी गोल, त्यामुळे उंचीचा हिशोब येतो. दिव्याच्या उंचीचं मीटरमधे वर्गमूळ, अधिक तुमच्या डोळ्याच्या उंचीचं वर्गमूळ, आणि ती सगळी बेरीज गुणिले 2.08, झाले सागरी मैल. 40 मीटरवरचा दिवा आणि छोट्या बोटीत बसलेले तुम्ही, डोळे पाण्यापासून 2 मीटरवर, म्हणजे साधारण 16 मैल. दिवा त्यापेक्षा कितीही जोरदार असो, त्यापलीकडे फार तर आभाळात उजेड दिसेल, दिवा नाही.

मुंबईची खरी कटकट वेगळीच आहे, पाठीमागचं शहर. टॉवरवरचे लाल दिवे, होर्डिंग, सिग्नल, या सगळ्यात बोयाचा लहानसा दिवा हरवूनच जातो. चालत्या बोटीचे लाल-हिरवे दिवे मात्र लुकलुकत नाहीत, स्थिर असतात, तेवढा फरक डोक्यात ठेवला तरी बराच गोंधळ कमी होतो. (लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई करून फिरणाऱ्या पार्टी बोटींबद्दल मी इथे काही लिहीत नाही.)

प्रश्न : मित्राने छोटी शिडाची बोट घेतली आहे. मोबाईलवर ॲपमधे चार्ट आणि जीपीएस दोन्ही आहे, मग कागदी चार्ट कशाला? (एक वाचक, माहीम)

ॲप ठेवा, छान असतं. फक्त बोटांनी झूम केल्यावर चित्र मोठं होतं, माहिती नाही. एखाद्या कोपऱ्यात शेवटचं मोजमाप कधी झालं ते बघितल्याशिवाय तिथल्या आकड्यावर बोट घालायची नाही. बोया पण साखळीवर असतो, भरती-ओहोटीप्रमाणे सरकतो, कधी तुटून वाहत पण जातो. म्हणून जमिनीवरच्या खुणा बघायच्या, किमान तीन खुणांचं होकायंत्रावर बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घ्यायचं, चार्टवर रेषा ओढायच्या, छेदतात तिथे तुम्ही. अंतर मोजायचं ते चार्टच्या उभ्या बाजूवर, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. आडव्या बाजूवर मोजलंत की फसलात.

चार्टवरची खोली जवळजवळ सगळ्यात कमी ओहोटीची असते, त्यात त्या वेळची भरती मिळवायची. चार्टवर 1.2 आणि भरती 3 मीटर तर पाणी 4.2 मीटर. आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीला उघडी पडते, तिथे उलट तो आकडा भरतीतून वजा करायचा. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, म्हणजे सकाळी ज्या खडकावरून मजेत गेलात तो दुपारी डोकं वर काढून बसलेला असतो. अंदाजासाठी आपला कोकणातला जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, चतुर्थीला तीनच्या आसपास. पण निघताना भरतीचं टेबल बघूनच निघा.

अधिकृत चार्ट नौदलाच्या हायड्रोग्राफिक ऑफिसचे, ते ऑफिस डेहराडूनला, हसू नका. तिथूनच महिन्यातून दोनदा दुरुस्त्यांच्या सूचना निघतात, त्या बघून चार्टवर पेनाने दुरुस्ती करायची. याची गरज कशी पडते ते मुंबईने ऑगस्ट 2010 मधे बघितलंय, एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजं बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडले आणि वाहतूक थांबवावी लागली. कालचा चार्ट त्या दिवशी कुठल्या कामाचा. नवीन बुडालेल्या जहाजावर आता निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा बोया टाकतात, कारण 2002 मधे इंग्लिश खाडीत ट्रायकलर नावाचं जहाज बुडालं आणि काही दिवसांतच आणखी दोन जहाजं त्याच्यावर जाऊन चढली.

कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे खुंट आणि जाळ्यांना बांधलेले प्लास्टिकचे कॅन मात्र ना ॲपवर ना कागदावर. ते कुठे लागलेत ते माहीमच्या कोळीवाड्यात निघण्याआधी विचारून घ्या आणि रात्री तिकडे फिरकू नका.