अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे संघ सतत जखमी असणाऱ्या स्टारसाठी एवढे ड्राफ्ट पिक का मोजतात? रोज खेळणाऱ्याला काही किंमत असते की नाही?

असते. 2024च्या जूनमध्ये न्यूयॉर्क निक्सने ती रोख मोजून दिली. मिकाल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीची पाच पिक (पिक म्हणजे दर वर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधली संघाची पाळी), वर एका पिकच्या अदलाबदलीचा हक्क. हा माणूस तोवर एकदाही ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक सर्वोत्तमांपैकी एक, झालेला नव्हता. पण 2018मध्ये लीगमध्ये आल्यापासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता. 2022-23मध्ये तर तो ऐन हंगामात फिनिक्सहून ब्रुकलिनला गेला आणि दोन संघांच्या वेळापत्रकांतल्या फरकामुळे 82 सामन्यांच्या हंगामात हा पठ्ठ्या 83 सामने खेळला. निक्सच्या ट्रेडची, म्हणजे या देवाणघेवाणीची, बातमी आली तेव्हा अर्धं जग हसलं. माझ्या दादाने फॅमिली ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली आणि खाली लिहिलं, 'हजेरीसाठी पाच पिक!'

तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सोपा आहे, त्यावर येतेच. दुसरा भाग मात्र नेमका दुखऱ्या जागी लागला, म्हणून आधी तो.

मी नागपूरला कॉलेजच्या संघातून पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, म्हणून खेळायचे. कॉलेजचं नाव सांगत नाही. उघडं सिमेंटचं कोर्ट, मार्च उजाडला की सकाळी आठलाच तळवे भाजायला लागायचे. आमच्यात एक मुलगी होती, तिच्या तोडीची सेंटर त्या वयात मी दुसरी पाहिली नाही. बास्केटखाली पाठ लावून उभी राहिली की दोघींना मिळूनही हलायची नाही. राज्य पातळीवर खेळून आलेली. फक्त तिचा घोटा दर काही आठवड्यांनी सुजायचा. मग ती कट्ट्यावर पाय वर करून बसायची आणि आम्ही तिच्याविना खेळायचो. आमच्यापैकी कुणालाच उंची नव्हती, म्हणून आम्ही पळायचो. पूर्ण कोर्टभर प्रेस लावायचो, म्हणजे समोरच्यांना जागोजागी दाबून धरायचो, चेंडू हिसकावायचो आणि समोरच्या जागेवर यायच्या आत बास्केट करून मोकळ्या व्हायचो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत फायनलपर्यंत आम्ही अशाच पोचलो.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी ती घोट्याला पट्टी बांधून कोर्टवर आली. सरांनी त्याच संध्याकाळी आमचा सगळा खेळ बदलला. आता पळायचं नाही, चेंडू आत द्यायचा, पुढचं ती बघेल. मी विचारलं, "सर, तिचा पाय परत गेला तर?" सर म्हणाले, "मग तू आहेस ना. तुझं काय, तू तं राहतेसच."

त्यांना ते कौतुक वाटत होतं. शपथेवर सांगते, त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. नळाला रोज पाणी येतं तोवर टाकीकडे कोण बघतो?

दुसऱ्या क्वार्टरमध्ये रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) घेऊन खाली येताना तिचा पाय समोरच्या मुलीच्या बुटावर पडला. आता परत आमचा जुना खेळ खेळायचा होता, पण दोघी चेंडू आत द्यायला थांबलेल्या आणि दोघी पळत सुटलेल्या. हरलो. हरण्याचं मला फार नाही. खरा प्रकार पुढे घडला. विद्यापीठ संघाच्या शिबिराला आमच्याकडून एकच नाव जाणार होतं. सरांनी तिचं दिलं, तोवर पाय बरा होईल म्हणाले. झाला नाही. ती गेली नाही, यादी बंद झालेली, त्यामुळे तिच्याऐवजी दुसरंही कुणी गेलं नाही. तिच्यावर माझा राग नाही, आम्ही आजही बोलतो. पण ती रिकामी राहिलेली जागा मी विसरलेली नाही. दादा तेव्हाही सरांच्या बाजूने होता आणि आजही आहे. 'मोठ्या सामन्याला मोठाच खेळाडू लागतो.' बरं.

एनबीएत नेमकं हेच होतं, फक्त आकडे डॉलरमध्ये असतात. न खेळणारा स्टार नुसता गैरहजर नसतो, तो जागा अडवून बसतो. सॅलरी कॅपचा, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचा, तिसरा हिस्सा कोट घालून बेंचवर बसला की त्या पैशात दुसरा कुणी आणता येत नाही. 2000च्या उन्हाळ्यात ऑर्लँडोने ग्रँट हिलला सात वर्षांसाठी जवळपास 93 दशलक्ष डॉलरच्या करारावर घेतलं. तो डेट्रॉइटच्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) दुखऱ्या घोट्यानिशी खेळून आलेला होता. हो, घोटाच. ऑर्लँडोतल्या पहिल्या चार हंगामांत तो अनुक्रमे 4, 14, 29 आणि 0 सामने खेळला. त्याच उन्हाळ्यात आणलेला ट्रेसी मॅकग्रेडी एकटा ओझं ओढत राहिला आणि ऑर्लँडोत असेपर्यंत प्लेऑफच्या पहिल्या फेरीच्या पलीकडे गेला नाही. बदल्यात डेट्रॉइटला काय मिळालं? चकी ॲटकिन्स, आणि ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं असा बेन वॉलेस. तो चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि 2004मध्ये लेकर्सना 4-1 हरवून डेट्रॉइट चॅम्पियन झालं. वॉलेस एवढा मोठा होईल हे डेट्रॉइटला तरी कुठे माहीत होतं म्हणा, पण तो खेळायला तर होता.

मग संघ असे पिक का देतात? एक कारण खरं आहे: बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच जण असतात आणि प्लेऑफमध्ये स्टार चाळीस-चाळीस मिनिटं खेळतो, त्यामुळे एका माणसाचं वजन इतर बहुतेक सांघिक खेळांपेक्षा जास्त पडतं. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही. आज दिलेलं सात वर्षांनंतरचं पिक वापरायला ते देणारा जनरल मॅनेजर, म्हणजे संघ बांधणारा माणूस, त्या खुर्चीत नसतो. उधारी पुढच्याच्या नावावर.

डॅलसचंच बघा ना. फेब्रुवारी 2025मध्ये त्यांनी 25 वर्षांचा लुका डॉन्सिच लेकर्सना दिला. तो ख्रिसमसपासून पोटरीच्या दुखापतीने बाहेर होता आणि त्याच्या फिटनेसबद्दल संघात कुरबुर होती. ठीक, समजू शकते. पण बदल्यात घेतलं कुणाला? 31 वर्षांच्या अँथनी डेव्हिसला, जो त्या दिवशी स्वतःच पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर होता! डॅलससाठीच्या पहिल्याच सामन्यात त्याने 26 गुण आणि 16 रिबाउंड काढले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये मांडीचा स्नायू धरून आत गेला. तो ट्रेड करणारे डॅलसचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन त्याच वर्षी नोव्हेंबरात घरी गेले.

ट्रेड पक्का होण्याआधी खेळाडूची वैद्यकीय तपासणी, म्हणजे मेडिकल, असते हे तुम्हाला माहीत असेलच. त्याच फेब्रुवारीत लेकर्सनी शार्लटचा मार्क विल्यम्स घेतला, मेडिकल बघितली आणि ट्रेड मोडला. जाहीर झालेला सौदा मोडणं लाजिरवाणं असतं, लोक नावं ठेवतात. तरी मोडला. असं धाडस लीगमध्ये फार कमी जण दाखवतात आणि आमच्या स्टाफरूममध्ये तर कुणीच दाखवलं नाही.

आता दादाचा हुकमी पत्ता: टोरांटो. 2017-18मध्ये कावाय लेनर्ड सॅन अँटोनिओसाठी फक्त 9 सामने खेळला होता. तरी टोरांटोने आपला लाडका डिमार डिरोझन देऊन त्याला आणलं आणि 2019ला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळालं. फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यातला तो रिंगवर चार टप्पे खाऊन आत गेलेला शॉट दादा दर वर्षी ग्रुपवर टाकतो. पण टोरांटोने त्याला वापरलं कसं ते बघा. सलग दोन दिवस सामने असले की एकात बसवलं. 82पैकी 60 सामने. आणि प्लेऑफच्या 24 सामन्यांत मात्र तो चोवीसही खेळला. त्यांनी हिवाळा खर्चून मे-जून विकत घेतला. त्याच्या कराराचं हमखास एकच वर्ष उरलं होतं, फसलं असतं तर वर्षभराचं नुकसान. जखमी स्टारवर जुगार खेळायचाच असेल तर तो असा.

उपलब्धता हे कौशल्य आहे की नशीब, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी खाली कुणीतरी विचारेलच. दोन्ही. ए. सी. ग्रीन 1986 ते 2001 या काळात सलग 1,192 सामने खेळला, तो निव्वळ योगायोग नसतो. झोप, खाणं, उडी मारून खाली कसं उतरायचं हे सगळं त्यात येतं. पण टाच जिथे तुटायची तिथे तुटतेच. आणि आता माझ्याच बाजूविरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हे एकतर्फी होईल. रोज उभं राहणं कधीकधी अंगावर येतं. बोस्टनचा आयझेया थॉमस, 2016-17मध्ये सामन्याला सरासरी 28.9 गुण. बहीण अपघातात गेली, तरी दुसऱ्या दिवशी प्लेऑफचा सामना खेळला. खुब्याची दुखापत घेऊन पुढेही खेळत राहिला. त्याच ऑगस्टमध्ये बोस्टनने त्याला कायरी अर्विंगच्या बदल्यात क्लीव्हलँडला पाठवलं. क्लीव्हलँडने खुबा तपासला आणि भरपाई म्हणून दुसऱ्या फेरीचं एक पिक जास्तीचं मागून घेतलं. वर्षभरात तो किमान पगाराच्या करारावर डेन्व्हरला होता. म्हणून कुणी दुखत असताना खेळा म्हणालं तर खेळू नका. 2023-24पासून लीगने बहुतेक मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान 65 सामन्यांची अट घातली आहे, ती मला तत्त्वतः पटते, पण तिच्यापायी कुणी अर्धवट बरा होऊन परत येत असेल तर ते वाईटच.

ब्रिजेसही काही देव नाही. सलग सामन्यांची मालिका टिकावी म्हणून तो काही वेळा हंगामाच्या शेवटी काही सेकंदच कोर्टवर उतरला आहे, आणि त्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा. पण 2025च्या प्लेऑफमध्ये बोस्टनविरुद्धचे पहिले दोन सामने शेवटच्या क्षणी चेंडू हिसकावून निक्सच्या पदरात टाकले ते त्यानेच, आणि त्या वर्षी निक्स 2000नंतर प्रथमच विभागीय फायनलला पोचले. ग्रुपवर त्या दिवशी दादा ऑनलाइन होता, टाइप करत होता, मग थांबला.

लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स या संघाबद्दल मात्र दादा अजून ऐकून घेत नाही. 2019मध्ये त्याच कावायने टोरांटो सोडलं आणि त्याला जोडीदार हवा म्हणून क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पहिल्या फेरीची पाच पिक आणि दोन अदलाबदलीचे हक्क दिले. त्यातल्याच एका पिकमधून ओक्लाहोमा सिटीचा दुसरा स्टार जेलन विल्यम्स निघाला. पॉल जॉर्ज 2024ला फुकटात फिलाडेल्फियाला निघून गेला आणि क्लिपर्सच्या हाती काही उरलं नाही. 23 जून 2025च्या सकाळी आपल्याकडे लोक चहा घेत होते तेव्हा ओक्लाहोमा सिटी चॅम्पियन झाली आणि शे फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. दादा म्हणतो, कावाय धडधाकट राहिला असता तर चित्र वेगळं असतं. अरे, राहिला असता तर सगळ्यांचंच वेगळं असतं! तो हे उत्तर वाचेल आणि खाली लांबलचक कॉमेंट टाकेल. टाकू दे. त्याला एवढंच विचारा की 2021-22च्या हंगामात कावाय किती सामने खेळला. शून्य.