आधी पलंग मोजा, मग पाळणा घ्या

प्रश्न : सिस्टर, मला आठवा महिना लागलाय. डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. पलंग स्टोरेजचा, हायड्रॉलिकवर उघडणारा. थोरली बहीण तिच्या मुलाचा पलंगाला जोडायचा पाळणा, म्हणजे बेडसाइड स्लीपर, मला देते म्हणतेय. त्याचे पट्टे हरवलेत आणि गादी खराब झालीय. पट्ट्यांऐवजी नाडी बांधू आणि गादी कापसाची शिवून घेऊ, असं ती म्हणते. बाळंतपणाला साताऱ्याहून आई येणार आहे. तिचं म्हणणं, बाळ आईच्या कुशीतच झोपतं, हा खर्च कशाला? शिवाय बाळाला पाठीवर झोपवलं तर दूध श्वासात जातं, कुशीवरच झोपवायचं, असंही ती म्हणते. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या आईचं निम्मं म्हणणं अगदी बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. नवजात बाळ रात्री आईच्या जवळच हवं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, हीसुद्धा तेच सांगते: निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर. पलंगाला जोडायचा पाळणा नेमकी हीच सोय करतो. मी ३१ वर्षं प्रसूती वॉर्डात काढली. सिझेरियन झालेल्या बायका रात्री एका हाताने टाके धरून बाळासाठी उठायच्या, ते बघवत नसे. अशा आईला बाळ हाताच्या अंतरावर मिळणं हा फार मोठा आधार आहे.

पण बहिणीचा पाळणा आहे तसा घेऊ नका. नाडीला ताण पडला की ती सैल होते आणि ते दिसतही नाही. कापसाची गादी बाळाच्या वजनाने मधोमध खोलगट होते. ती मूळ गादीपेक्षा जाड झाली तर पाळण्याचा काठ बाळाला बुटका पडतो, आणि मापाला जराशी कमी पडली तर कडेला फट राहते. त्याच कंपनीचे त्याच मॉडेलचे पट्टे आणि गादी मिळाली, माहितीपुस्तिका मिळाली आणि सगळे स्क्रू जागेवर असले, तरच तो पाळणा वापरा.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, ते माझ्या नातीमुळे. मुलाने नवा पाळणा आणला आणि मी स्वतः तो जोडून दिला. पट्टा आमच्या गादीखालून पलीकडच्या बाजूला न्यायचा होता, मी तो जवळच्याच पायाला बांधला. रात्री दहाला फट नव्हती. पहाटे चारला सुनेने हाक मारली. ती दूध पाजायला गादीच्या कडेवर बसायची, गादी दबायची आणि दर वेळी पाळणा थोडा थोडा सरकायचा. तीन बोटं जातील एवढी फट पडली होती आणि नातीची मूठ त्या फटीत होती. तिला काही झालं नाही. पण तिथे मुठीऐवजी तोंड असतं तर? इतकं लहान बाळ स्वतःहून मान सोडवून घेऊ शकत नाही, आणि नाक-तोंड दबलं की रडण्याचा आवाजही येत नाही. ती मूठ मला अजून दिसते.

त्यामुळे नवा पाळणा बघण्याआधी तुमचा पलंग मोजा. जमिनीपासून गादीच्या वरच्या पातळीपर्यंतची उंची घ्या, एकदा गादी रिकामी असताना आणि एकदा कडेवर कुणी बसलेलं असताना. पाळण्याची खाली उतरवलेली बाजू तुमच्या गादीच्या पातळीशी जुळायला हवी आणि बाळ त्या काठाच्या आत, थोडं खाली झोपायला हवं. काठच नसलेले, बाळाची गादी थेट मोठ्या गादीला भिडणारे स्वस्त पाळणेही विकायला असतात. ते घेऊ नका.

स्टोरेजच्या पलंगाची अडचण वेगळीच असते. बऱ्याच पाळण्यांचे पाय पलंगाखाली सरकवायचे असतात, आणि तुमच्या पलंगाखाली तर जागाच नाही. पाय खोक्याला अडतात आणि पाळणा चार बोटं लांबच राहतो. काही मॉडेलचे पाय आत दुमडता येतात, पण पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच दुमडा. दुसरं म्हणजे गादीभोवतीची लाकडी चौकट. गादी चौकटीच्या आत बसलेली असेल, तर पाळणा लाकडाला टेकतो आणि गादी व पाळणा यांच्यात खाच उरते. आणि पट्टा गादीखालून गेला की स्टोरेज उघडताना तो ओढला जातो. तेव्हा लागणारे कपडे आणि दुपटी आत्ताच बाहेर काढून ठेवा. नंतर झाकण उघडावंच लागलं, तर बाळाला आधी उचला आणि पट्टे पुन्हा बांधून, ओढून बघा.

एवढं करूनही जुळत नसेल तर मन खट्टू करू नका. चौथी बाजू वर करून स्वतंत्र वापरता येतो असा पाळणा घ्या आणि तो पलंगाशेजारी ठेवा. बाळ तेवढंच जवळ राहतं आणि फटीचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या पलंगाचं वर्णन वाचून मी तुम्हाला हेच सुचवेन. जोडून वापरलात तर रोज रात्री दिवा मालवण्याआधी सांध्यावरून हात फिरवा आणि पाळणा जोराने ओढून बघा. फट दिसली तर तिच्यात दुपटं किंवा टॉवेल कोंबू नका, तो सैल होऊन बाळाच्या तोंडावर येतो. त्या रात्री पाळणा वेगळा करून बाजू वर घ्या.

आता पाठीवर झोपवण्याचं. आईची भीती खोटी म्हणून उडवून लावू नका, त्यांना नीट समजावा. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. उलटून आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला वर चढावं लागतं. बाळ पालथं असेल तर हेच उलटं होतं. कुशीवर झोपवलेलं बाळ झोपेत सहज पालथं पडतं, म्हणून कूसही नको. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली, त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे निम्म्याहून खाली आली. आम्हीसुद्धा नोकरीच्या सुरुवातीला बाळांना कुशीवर ठेवायचो. नंतर सवय बदलली. दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं मात्र आजही तितकंच चांगलं, ते काम आईकडे सोपवा.

दूध ओकतं म्हणून डोक्याकडची बाजू उंच करायची सोय काही पाळण्यांत असते. झोपेसाठी ती वापरू नका. उतारावर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बाळांना झोपवण्यासाठीची १० अंशांपेक्षा जास्त उताराची साधनं अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंद केली.

पाळण्यात घट्ट बसवलेली चादर आणि बाळ, एवढंच असू द्या. मोहरीची उशी, लोड, मऊ खेळणी, गोधडी, काहीच नको. मोहरीच्या उशीवर घरोघरी जीव असतो, हे मला माहीत आहे. डोक्याच्या आकाराची काळजी असेल तर बाळ जागं असताना तुमच्या डोळ्यांसमोर त्याला थोडा थोडा वेळ पालथं घाला. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढा. डोंबिवलीच्या उकाड्यात टोपडं घालून झोपवू नका, पंखा चालेल. डासांसाठी पाळण्यावर वेगळी जाळी लोंबवण्यापेक्षा सगळ्या पलंगावर आणि पाळण्यावर मिळून एकच मोठी मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा बाळाच्या हाताला लागणार नाहीत असं बघा. शेक-शेगडीची तुमच्याकडे पद्धत असेल तर आईला हात जोडून सांगा: बंद खोलीत कोळसे नकोत. त्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

रात्री पाजता पाजता तुमचा डोळा लागेल. प्रत्येक आईचा लागतो. म्हणून पाजायला सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका, तिथे झोप लागणं पलंगापेक्षा कितीतरी धोक्याचं. पलंगावरच, उशा-पांघरुणं बाजूला सारून पाजा आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. बाळ दिवस भरायच्या आधी आलं किंवा वजनाला कमी भरलं तर त्याला कुशीत घेऊन झोपू नका. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, किंवा तुम्हाला गुंगी आणणारं औषध चालू असेल, तरीही हेच.

प्रश्न : माझा नातू साडेचार महिन्यांचा आहे. कालपासून कूस वळून पालथा पडतो. पलंगाला जोडलेल्या पाळण्यात अजून चालेल ना? वजन साडेसहा किलो आहे आणि पाळण्यावर नऊ किलो लिहिलंय.
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, आता नाही. वजनाचा आकडा आणि बाळाची हालचाल यांतलं जे आधी येईल, तिथे हा पाळणा थांबतो. उद्या तो हातांवर छाती उचलेल, परवा गुडघ्यांवर येईल, आणि हा काठ त्याला अडवायला पुरणार नाही. चारी बाजूंनी कठडा असलेली, घट्ट गादीची लहान खाट त्याच खोलीत लावा. कठड्याच्या दोन गजांतलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, दुकानात पट्टी घेऊन जा. दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवत असाल तर तेही आजपासून बंद, कारण पालथा पडल्यावर त्याला हात मोकळे लागतात. झोपवताना पाठीवरच ठेवा. नवी खाट येईपर्यंत पाळण्याची बाजू वर करून बाळ तिथे ठेवू, असाही विचार करू नका. खाट आजच बघा.